किरणोत्सर्गी दूषण आणि संस्थांची विस्मृती

कारखान्यात, प्रयोगशाळेत अथवा भंगाराच्या वखारीत राबणाऱ्या माणसाला आत्मरक्षणासाठी निसर्गाने जी इंद्रिये दिली आहेत, ती बहुतेक संकटांच्या बाबतीत आपले काम चोख बजावतात. गळणाऱ्या क्लोरीनचा दर्प नाकाला झोंबतो, तापलेल्या धातूची धग हाताला आपोआप मागे खेचते, यंत्राचा सैल झालेला पट्टा आपल्या बदललेल्या आवाजाने सावध करतो. आणि जुना कामगार ज्याला अनुभव म्हणतो, तो म्हणजे या इंद्रियांनी वर्षानुवर्षे साठविलेली सावधगिरीच होय. किरणोत्सर्गी द्रव्यापुढे मात्र हा सारा अनुभव निरुपयोगी ठरतो. त्याला वास नाही, त्याच्या किरणांचा स्पर्श त्वचेला कळत नाही. ते हातावर सांडले तरी हात त्या क्षणी पोळत नाही, आणि पोळल्याची खूण उमटते तेव्हा कित्येक दिवस, कधी आठवडे लोटलेले असतात. ज्या संकटाची वर्दी देहाला मिळतच नाही, त्याची ओळख पटविण्याचे काम देहाबाहेरच्या व्यवस्थेनेच, म्हणजे उपकरणाने, नोंदवहीने, ठरावीक मुदतीच्या तपासणीने आणि जाणत्या माणसाच्या शब्दाने करावयाचे असते. ही व्यवस्था जेथे तुटते तेथे दूषण होते; आणि ते झाल्यावर त्याचे खापर कामगाराच्या अज्ञानावर फोडण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो मला केवळ चुकीचा नव्हे, अन्यायाचा वाटतो. ज्याच्या ताब्यात ते द्रव्य होते आणि ज्याला त्याचे गुणधर्म ठाऊक होते, त्याने ते ज्ञान दडविले किंवा त्याला त्याचे विस्मरण झाले, ही गोष्ट या विषयातल्या जवळजवळ प्रत्येक दुर्घटनेच्या मुळाशी सापडते.

पुढे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न कळल्याने सामान्य वाचक एकतर अकारण भयभीत होतो किंवा अकारण निर्धास्त राहतो. नाशिक जिल्ह्यातील लासलगावी २००२ सालापासून ‘कृषक’ नावाचे विकिरण केंद्र आहे. तेथे कोबाल्ट-६० च्या गामा किरणांतून कांदा नेला जातो आणि त्यामुळे त्याला मोड फुटणे थांबते. तो कांदा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, कारण किरण त्यातून गेले आणि संपले. ज्या द्रव्यातून ते निघाले ते पोलादी आवरणात बंद राहिले. किरणांचा मारा होणे ही एक गोष्ट आणि किरण सोडणारे द्रव्यच अंगाला, कपड्याला, टेबलाला, श्वासाला वा अन्नाला चिकटणे ही दुसरी. या दुसऱ्या अवस्थेला दूषण म्हणतात, आणि तिची भीषणता अशी की मूळ स्थानापासून माणूस कितीही दूर गेला तरी मारा थांबत नाही, कारण मारा करणारे द्रव्य तो आपल्याबरोबर वाहून नेत असतो. अल्फा कण कागदाच्या एका तावाने अडतात, त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना पुरेसा असतो. परंतु तेच कण सोडणारी धूळ फुप्फुसात किंवा हाडात जाऊन बसली म्हणजे त्यांच्या आणि जिवंत पेशींच्या मध्ये काहीच उरत नाही.

हाडात जाऊन बसणाऱ्या द्रव्याचा पहिला मोठा धडा जगाला मिळाला तो अमेरिकेतील घड्याळाच्या तबकड्या रंगविणाऱ्या मुलींकडून. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू जर्सीतील ऑरेंज गावी आणि पुढे इतरत्रही अंधारात चमकणारी तबकडी तयार करण्याचे कारखाने निघाले. त्या रंगात रेडियम असे, आणि आकड्यांच्या रेषा बारीक याव्यात म्हणून कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करण्याची रीत त्या मुलींना कारखान्यातच शिकविली गेली होती. दिवसभरात कितीतरी वेळा कुंचला ओठांत जाई, आणि प्रत्येक वेळी रेडियमचा सूक्ष्म अंश पोटात उतरे. रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमच्या कुळातले असल्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवते, आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे. मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली, आणि १९२२ साली मरण पावलेल्या एका तरुणीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तर उपदंश हे कारण लिहिले गेले. म्हणजे जिचा जीव गेला तिची अब्रूही त्याच लेखणीने घेतली. पाच वर्षांनंतर तिचे शव उकरून काढले तेव्हा तिच्या अस्थींमध्ये किरणोत्सर्ग सापडला.

याच कारखान्यांत रेडियम हाताळणारे रसायनज्ञ शिशाचे पडदे आणि लांब चिमटे वापरीत होते. धोक्याचे ज्ञान इमारतीत होतेच. ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले नाही, इतकेच. हार्वर्डचे डॉक्टर सेसिल ड्रिंकर यांनी १९२४ साली केलेल्या पाहणीत अंधाऱ्या खोलीत त्या मुलींचे केस, चेहरे, हात आणि कपडे चमकताना पाहिले. म्हणजे जे दूषण एरवी डोळ्यांना दिसत नाही, ते येथे साक्षात दिसत होते, आणि तरीही ते दूषण आहे असे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ड्रिंकर यांचा प्रतिकूल अहवाल कंपनीने दाबून ठेवला व सरकारदरबारी त्याचे विपरीत रूप सादर केले. त्या मुलींपैकी ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारिणींनी १९२७ साली दावा लावला, तो पुढल्या वर्षी प्रत्येकी १० हजार डॉलर, शिवाय वार्षिक ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च या तडजोडीवर मिटला. १९४१ साली शरीरातील रेडियमची कमाल मर्यादा मायक्रोग्रॅमचा दहावा भाग अशी ठरविण्यात आली, ती याच स्त्रियांच्या देहांवरून केलेल्या मोजमापांच्या आधारे.

आज कोणत्याही किरणोत्सर्गी प्रयोगशाळेत नवख्या विद्यार्थ्याला जे नियम प्रथम सांगतात, ते ऐकताना त्याला क्वचित ते क्षुल्लक वाटतात: येथे खाऊ-पिऊ नये, नळीने द्रव तोंडाने ओढू नये, हातमोजे घालून दाराची कडी वा दूरध्वनी धरू नये, टेबलावर शोषक कागद पसरून ताटलीतच काम करावे, निघताना हातपाय तपासणी-यंत्रावर ठेवावेत. परंतु यातले एकही कलम हौसेने लिहिलेले नाही. दूषण ओळखण्याची जी साधीशी चाचणी आहे, म्हणजे गाळणकागदाचा तुकडा टेबलाच्या ठरावीक क्षेत्रावरून पुसून त्याची गणकावर मोजणी करणे, तिचे मोल हेच की ती डोळ्यांच्या ग्वाहीवर विसंबत नाही. टेबल स्वच्छ दिसते म्हणून ते स्वच्छ आहे असे मानण्याची सवय ती मोडून काढते. त्वचेला दूषण झाले तर कोमट पाणी आणि साधा साबण वापरून हलक्या हाताने धुवावे, घासू नये, कारण खरवडलेल्या त्वचेतून ते द्रव्य रक्तात शिरण्याचा संभव असतो. जमिनीवर सांडले तर कडेकडून मध्याकडे पुसावे, म्हणजे डाग पसरत नाही. उपकरणाची निवडही जाणून करावी लागते. छातीवरचा मात्रामापक बिल्ला बाहेरून झालेल्या माऱ्याचा हिशेब सांगतो, पोटात काय गेले ते सांगत नाही. आणि सर्वांच्या परिचयाच्या गायगर गणकाला ट्रिटियमचे क्षीण बीटा कण कळतच नाहीत.

ट्रिटियमच्या याच स्वभावामुळे कारवारनजीकच्या कैगा येथील अणुविद्युत केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये जे घडले त्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. तेथील कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या शीतयंत्रात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले होते, आणि ते कोणा आतल्याच माणसाचे हेतुपुरस्सर कृत्य असावे असे अधिकाऱ्यांनी सांगितले. पाण्याची चव बदलली नाही, रंग बदलला नाही, कोणी आजारी पडले नाही, कोणत्याही दाराशी भोंगा वाजला नाही. पन्नासहून अधिक कामगारांच्या देहात ते पाणी गेले हे कळले ते त्यांच्या मूत्राच्या नेहमीच्या तपासणीवरून. ज्या तपासणीत महिनोन्‌महिने काहीही वावगे सापडत नाही, जिच्यासाठी बाटली भरून देणे कामगाराला कंटाळवाणे वाटते आणि जिच्यावरचा खर्च हिशेबनीसाला अनाठायी वाटतो, त्या तपासणीनेच हा प्रकार उघडकीस आणला. उपचारही साधा होता. भरपूर पाणी आणि मूत्रप्रमाण वाढविणारी औषधे, कारण शरीरातील ट्रिटियमचा निम्मा भाग साधारणतः दहा दिवसांत बाहेर पडतो. कृत्य करणाऱ्याचा निषेध तर केलाच पाहिजे, परंतु त्या केंद्रातील नोंद ठेवण्याचा शिरस्ता जिवंत होता हेही मान्य केले पाहिजे.

जेथे तो शिरस्ता मरतो तेथे काय होते, हे सांगण्यासाठी ब्राझीलमधील गोयानिया आणि आपल्या दिल्लीतील मायापुरी ही दोन नावे पुरेशी आहेत. गोयानियातील एक खासगी किरणोपचार संस्था दुसऱ्या जागेत गेली आणि सीझियम-१३७ चे यंत्र जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारतीत तसेच सोडून गेली. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघा जणांनी ते भंगाराच्या आशेने काढून नेले; भंगारवाल्याने रात्री त्यातून निळसर प्रकाश येताना पाहिला आणि कौतुकाने ते कण आप्तेष्टांना वाटले. माणसे आजारी पडू लागली तेव्हा डॉक्टरांनी अन्नबाधा, त्वचारोग, उष्ण कटिबंधातले ज्वर अशी निदाने केली. खरे निदान प्रथम ज्या व्यक्तीच्या मनात आले ती व्यक्ती त्या भंगारवाल्याची पत्नी होती. आपल्या भोवतालची इतकी माणसे एकाच वेळी का आजारी पडावीत याचा तिने विचार केला, ती वस्तू घरात आल्यापासून हे सुरू झाले असा निष्कर्ष काढला, आणि त्या वस्तूचे अवशेष पिशवीत घालून बसने आरोग्य कचेरीत नेऊन दिले. दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने युरेनियमच्या शोधासाठी वापरले जाणारे उपकरण उसने आणले, तेव्हा त्याचा काटा दुरूनच टोकाला गेला. उपकरण बिघडले असावे असे समजून तो परत गेला आणि दुसरे घेऊन आला. चार जण दगावले, त्यांत ती स्त्रीही होती. १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली आणि त्यांपैकी २४९ जण दूषित आढळले. अज्ञानाचा आरोप करणाऱ्यांनी या स्त्रीचे स्मरण ठेवावे. शास्त्राचे शिक्षण नसताना कार्यापासून कारणापर्यंतचा माग तिने बिनचूक काढला; ज्यांच्याजवळ शास्त्र होते ते मात्र यंत्र सोडून निघून गेले होते, आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांना त्याची खबरही त्यांनी दिली नव्हती.

मायापुरीची हकीकत आपल्याला अधिक जवळची आणि म्हणून अधिक लाजिरवाणी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने कॅनडाहून आणलेले गामा विकिरणाचे एक यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. ज्या प्राध्यापकांनी ते मागविले, ज्यांनी त्यावर प्रयोग केले, ते यथाकाल निवृत्त झाले. यंत्र खोलीत राहिले आणि त्याच्याविषयीची माहिती त्यांच्याबरोबर गेली. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर निकामी सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला. लिलाव पुकारणाऱ्याने ते लोखंड म्हणून विकले, घेणाऱ्याने लोखंड म्हणून घेतले, आणि मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी शिशाचे जाड कवच फोडून आतल्या कोबाल्टच्या कांड्या मोकळ्या केल्या. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे. म्हणजे यंत्र आणल्यापासूनच्या सुमारे चाळीस वर्षांत मूळ तेजाचा जेमतेम दोनशेवा अंश उरलेला असणार, आणि तेवढ्याने एका कामगाराचा प्राण घेतला व इतर कित्येकांना रुग्णालयात खिळवून ठेवले. त्यांची कातडी काळी पडली, केस गळाले. एका दुकानदाराने त्या चकाकणाऱ्या धातूचा तुकडा पाकिटात घालून खिशात बाळगला होता.

या प्रकरणात सर्वांत दुःखद काय असेल तर त्या विद्यापीठात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. न्यू जर्सीच्या कंपनीने सत्य दडविले. दिल्लीच्या विभागाला सत्याचा विसर पडला. सामानाचे निर्लेखन करणारी समिती बसली असेल, तिच्यापुढे यादी आली असेल, यादीवर सह्या झाल्या असतील. परंतु यादीतल्या त्या ओळीसमोर ‘यात कोबाल्ट आहे’ एवढे शब्द लिहिलेले नव्हते, किंवा असले तरी ते कोणी वाचले नाहीत. आपल्याकडे महाविद्यालयांत आणि सरकारी कचेऱ्यांत डेडस्टॉक रजिस्टर ठेवण्याची जी परंपरा आहे, तिच्याकडे आपण कारकुनी कटकट म्हणून पाहतो. वस्तुतः ज्या द्रव्याचे आयुष्य त्याच्या मालकाच्या नोकरीपेक्षा मोठे आहे, त्याच्या बाबतीत ही वही हेच संस्थेचे एकमेव स्मरण असते. माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, मरतो. सीझियमचा निम्मा अंश ओसरायला तीस वर्षे लागतात.

आणि हे विस्मरण एका वखारीपुरते मर्यादित राहत नाही. भंगार वितळते आणि त्याची सळई होते. मेक्सिकोतील हुआरेझ येथे रुग्णालयाच्या यंत्रातले कोबाल्ट असेच भंगारात गेले आणि त्याच्या सळया झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये त्या सळयांनी भरलेली मालमोटार अमेरिकेतील लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेपाशी गेली, तेथील यंत्राने इशारा दिला, आणि तेव्हा ती गोष्ट उघड झाली. महाराष्ट्रालाही यातून अंग काढून घेता येत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये फ्रान्समध्ये उद्‌वाहनांची बटणे कोबाल्ट-६० ने दूषित आढळली. त्यांच्या पोलादाचा माग काढता तो रायगड जिल्ह्यातील खोपोलीच्या एका ओतशाळेपर्यंत येऊन पोचला. ती बटणे जोडणाऱ्या कारखान्यातील सुमारे वीस फ्रेंच कामगारांना १ ते ३ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळाली. अपाय फार मोठा नव्हता. पण सामान्य नागरिकासाठी ठरविलेली वर्षाची मर्यादा १ मिलिसीव्हर्टची आहे, आणि बटणे बसविणाऱ्या त्या कामगारांना आपण किरणोत्सर्गाशी संबंधित काम करतो आहोत याची स्वप्नातही कल्पना नव्हती. जालन्याच्या भट्ट्यांत रोज भंगार पडते. त्या भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला, येणारा माल कोठून आला हे विचारण्याचा अधिकार आणि तो तपासण्याचे साधन आहे का, हा प्रश्न तेथल्या मालकांनी स्वतःला विचारावा.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारार्ह आहे. कोणी म्हणेल की उंचावरून पडून, विजेच्या धक्क्याने, गटारातल्या वायूने या देशात जे कामगार मरतात त्यांच्यापुढे किरणोत्सर्गाने मरणारे नगण्य आहेत; आणि या भयाचा असा गाजावाजा केल्याने कर्करोगाच्या रुग्णांना वरदान ठरलेल्या शास्त्राविषयी जनमनात अढी बसेल. पहिला मुद्दा मला मान्य आहे. मनुष्य निसर्गतःच वर्षाला सरासरी अडीच मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा घेत जगतो, आणि किरणोत्सर्गी कामासाठी नेमलेल्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टपर्यंत मुभा आहे; थेंबभर मात्रेने थरकाप उडावा असे काही नाही. परंतु दुसऱ्या मुद्द्याचा निष्कर्ष मी उलटा काढतो. अणुशास्त्राविषयी लोकांत अविश्वास पसरतो तो माहिती दिल्याने नव्हे. मायापुरीसारख्या घटनेनंतर पसरतो, जेव्हा लोकांना कळते की जाणत्यांनी सांगावयाचे ते सांगितले नव्हते. ज्याला नेमके कशाला भ्यावे हे कळते, तो बाकीच्या गोष्टींना भीत नाही.

याला जोडून आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, कारण ती बहुधा बोलली जात नाही. वितळजोडांची चित्रे घेण्यासाठी इरिडियम-१९२ वापरणाऱ्या ठेकेदाराकडे रोजंदारीवर काम करणाऱ्या तरुणाच्या बिल्ल्यावर मात्रा जास्त उमटली, तर त्याला त्या कामावरून दूर करावे लागते; आणि दूर करणे म्हणजे त्याच्या बाबतीत मजुरी बुडणे. मग तो बिल्ला कपाटात ठेवून कामावर जातो. हा गुन्हा त्याचा असे म्हणून सुटका नाही. ओळख पटविणारी प्रत्येक व्यवस्था ज्याची ओळख पटवायची त्याच्या सहकार्यावर उभी असते, आणि खरे सांगितल्याबद्दल ज्याची भाकर जाते त्याच्याकडून खरे सांगण्याची अपेक्षा करणे अमानुष आहे. मात्रा वाढलेल्या कामगाराला दुसऱ्या कामावर त्याच पगाराने ठेवण्याची हमी कंत्राटातच लिहिलेली असली पाहिजे. तेवढे झाले तर मापकावरचे आकडे खरे येतील.

धोक्याच्या चिन्हाचाही विचार येथे येतो. आज पिवळ्या पृष्ठावर दिसणारे तीन पाकळ्यांचे ते चिन्ह अमेरिकेत १९४६ साली काढले गेले. ज्याने ते कधी पाहिले नाही त्याला ते पंख्यासारखे किंवा फुलासारखे वाटते. म्हणून २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने एक नवे चिन्ह प्रसृत केले, त्यात कवटी आहे, किरण आहेत आणि पळणारा मनुष्य आहे. प्रबळ स्रोताच्या बाह्य आवरणावर न लावता, कोणी ते फोडून आत शिरू पाहील तेव्हा ते त्याच्या दृष्टीस पडावे अशी त्यामागची योजना आहे. ही योजना मला फार सहृदय वाटते, कारण ज्याला कोणीच सांगितले नाही अशा अखेरच्या माणसाचा विचार तिच्यात केलेला आहे. परंतु जुन्या यंत्रांवर ते चिन्ह नाही, आणि जुनी यंत्रेच भंगारात जातात.

डॉक्टरांना माझी विनंती अशी की, भाजल्याचे आठवत नसता भाजल्यासारखा व्रण, त्याबरोबर मळमळ, केस गळणे आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची घट, असा लक्षणसमूह घेऊन भंगारातला, ओतशाळेतला वा वितळजोडांच्या कामावरचा मनुष्य समोर आला, आणि विशेषतः एकाच ठिकाणची दोन-तीन माणसे आली, तर त्याला त्याचे काम विचारावे आणि काही चमकदार, जड वस्तू हाताळली का हे विचारावे. आणि विद्यापीठांच्या, रुग्णालयांच्या व कारखान्यांच्या प्रमुखांना विनंती ही की, पुढल्या निर्लेखनाच्या यादीवर सही करण्यापूर्वी तळघरातली ती बंद खोली स्वतः उघडून पाहावी, जे यंत्र काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही त्याला हात लावू न देता मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेला पत्र लिहावे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत ती खोली कुलूपबंद ठेवावी.